कैकेयी म्हणण्याआधी

 

आमच्या एका गटातली गोष्ट सांगतो. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, तरी एक ताई उठेना. विचारलं तर रडायला लागली. वडील जाऊन वर्ष झालं. भावांनी हक्कसोड पत्र पुढं ठेवलं. ही एवढंच म्हणाली, "विचार करून सांगते." तेवढ्यावर भावकीत नाव पडलं, "कैकेयी! घर फोडायला निघाली."

आम्ही गप्प झालो. कारण हा शब्द आम्हीही वापरलाय. सुनेला, जावेला, शेजारणीला. आमच्या गावांत सीता सापडेल, गीता सापडेल, कैकेयी नावाची पोर सापडायची नाही.

मग ठरवलं, जिचं नाव शिवीसारखं वापरतो तिची गोष्ट एकदा नीट वाचू. वाल्मिकी रामायणाचं मराठी भाषांतर मिळवलं आणि तीन बैठकांत हिशेबानंतर थोडं थोडं वाचलं.

त्यात काय निघालं? देव-असुरांच्या युद्धात दशरथ घायाळ होऊन शुद्ध हरपला, तेव्हा त्याला रणातून बाहेर काढून वाचवलं ते कैकेयीनं. दोन वर मिळाले ते त्याबद्दल. रथाच्या आसात हात घातल्याची गोष्ट आपल्याला माहीत असते, पण भांडताना ती कुणाला आठवत नाही.

दुसरं तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. लग्नाच्या वेळी दशरथानं कैकेयीच्या वडिलांना राज्याचा शब्द दिला होता. हे स्वतः रामच भरताला सांगतो. तरीही अभिषेक ठरला तो भरत आजोळी असताना, आणि घाईत तिच्या माहेरी बोलावणंही गेलं नाही. शब्द देणाऱ्याला आपण सत्यवचनी म्हणतो. तो शब्द मागणारी मात्र दुष्ट.

यावर गटातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, पण लेकराला चौदा वर्षं वनात धाडलं, ते काय बरं केलं?" नाही आजी, ते बरं नव्हतं. चुकीला आम्ही चूकच म्हणतो. पण एका चुकीखाली बाईचं सगळं आयुष्य गाडायचं का? निरोप घेताना रामानंच भरताला बजावलं, आईला सांभाळ, तिच्यावर राग धरू नकोस. रामानं जे सोडून दिलं, ते आपण अजून धरून बसलोय.

अहल्येचंही तसंच. रामाचा पाय लागला आणि शिळेची बाई झाली, असं आपण ऐकत आलो. वाल्मिकींच्या बालकांडात ती शिळा नाहीच. ती कुणाला न दिसता, राखेत पडून, वाऱ्यावर जगत तप करते. आणि राम-लक्ष्मण आश्रमात येतात तेव्हा तेच तिच्या पाया पडतात. हे वाचलं तेव्हा आज्यांनी हात जोडले. गावाच्या तोंडी पडलेल्या किती बायांना आपण असंच दगड करून ठेवलंय!

आता त्या ताईकडे येऊ. २००५ साली कायदा बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. २००५ च्या आधी लग्न झालं असलं तरी तो जात नाही. वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. सही करायची की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. राजीखुशीनं सोडणारीही आमचीच. पण कागद वाचून घ्या, घाई करू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बाईला सल्ला फुकट मिळतो.

ताईनं अजून सही केलेली नाही. भाऊबीजेला मात्र ती माहेरी गेली. ओवाळताना मोठा भाऊ बोलला नाही. धाकटा म्हणाला, "ताई, आपण बसून बोलू." तेवढं झालं. पुढचं पुढं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एकमेकींना विचारा, आपण कुणाला काय नाव ठेवलं? तिची बाजू कधी ऐकली का? आमच्या गटानं ठरवलंय, कैकेयी हा शब्द आता शिवी म्हणून वापरायचा नाही. जड जातंय, जीभ वळते. पण एक जण बोलली की दुसरी तिला थांबवते.