मोडक्या छत्रीचे पंख



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझी भाची एक चित्र घेऊन घरी आली. ती अकरावीत शिकते. चित्रातल्या बाईच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचं चामडी जाकीट होतं, डोळ्यांवर पितळी कडांचा जाड चष्मा होता आणि पाठीवर वटवाघळासारखे मोठे पंख होते. पंखांच्या मुळाशी दातेरी चाकं दिसत होती. भाची म्हणाली, "मामा, डिसेंबरात मुंबईच्या वेशभूषा-मेळाव्याला मला हा पोशाख करून जायचंय. पण पंख नुसते लटकलेले नकोत. ते उघडले पाहिजेत आणि मिटले पाहिजेत."

मी तीस वर्षं मुलांना फिटरचं काम शिकवलं. कानस कशी धरायची इथपासून सुरुवात करून देणं हाच माझा धंदा. त्यामुळे पोशाखाचं मला काही कळत नसलं, तरी उघडणं आणि मिटणं हे माझं क्षेत्र होतं. तीन महिने आम्ही दोघं त्या पंखांमागे होतो. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

या प्रकारच्या पोशाखाला स्टीमपंक म्हणतात. हा शब्द अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ साली वापरात आणला. कल्पना अशी, की वाफेचं युग संपलंच नाही. पितळ, चामडं, लाकूड आणि दातेरी चाकं यांच्याच बळावर जग पुढे गेलं, तर तिथली माणसं काय घालतील, कशात बसून प्रवास करतील? या कल्पनेचं मूळ ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या कथांमध्ये आहे. ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहासाच्या संग्रहालयानं २००९ साली अशा वस्तूंचं प्रदर्शनही भरवलं होतं.

पंख हलवायला मोटर तर लागणार होती. पण भाचीला एक शंका होती. वाफेच्या युगाचा पोशाख, आणि त्यात विजेची मोटर कशी चालेल? मी तिला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या व्हर्नची आठवण करून दिली. कॅप्टन नेमोची नॉटिलस पाणबुडी वाफेवर चालत नाही, विजेवर चालते. आणि हा नेमो कोण? व्हर्ननंच पुढे 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत सांगितलं, की तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार. तेव्हा वीजही या जगातलीच आणि आपणही या जगात परके नाही. तिची शंका तिथेच मिटली.

पण माझी एक अट होती. तिनं बाजारातून सोनेरी प्लास्टिकच्या चाकांची एक पिशवी आणली होती. ती चाकं गोंदानं कुठेही चिकटवायची असतात. मी म्हटलं, "चाक फिरत असेल आणि काही काम करत असेल, तरच लावायचं. नाहीतर नाही." ती थोडी हिरमुसली. पिशवी मात्र बाजूला ठेवली.

पंखांचा सांगाडा आम्हाला माळ्यावर सापडला. घरातल्या चार मोडक्या छत्र्या. श्रोतेहो, तुमच्याकडेही एखादी असेलच. तिची एक काडी हातात घ्या आणि बोटानं चाचपा. ती भरीव नसते. पन्हळीसारखी आतून खोलगट असते. म्हणूनच ती इतकी हलकी असूनही वाऱ्यापुढे लवकर वाकत नाही. इंग्लंडमधल्या सॅम्युअल फॉक्स यांनी १८५२ साली छत्रीसाठी अशी पन्हळीच्या आकाराची पोलादी काडी आणली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. म्हणजे आपल्या दारामागे टांगलेली छत्री हीच खरी त्या युगाची वस्तू आहे. तिला सोनेरी रंग देण्याचीही गरज नाही.

तीन घड्यांच्या छत्रीची काडी तर आणखी बघण्यासारखी असते. पहिला सांधा उघडला, की शेजारून समांतर जाणारी बारीक तार पुढचा सांधा आपोआप उघडते. जेम्स वॉटनं १७८४ साली आपल्या इंजिनासाठी समांतर गतीची जी जोडणी केली, त्याच कुळातली ही युक्ती. आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांपैकी या जोडणीचाच आपल्याला सर्वांत अभिमान वाटतो, असं वॉटनं उतारवयात मुलाला लिहिलं होतं. भाचीनं छत्रीची काडी दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली आणि म्हणाली, "मामा, हे रोज हातात असून मी कधी पाहिलंच नव्हतं."

एका पंखाला पाच काड्या घेतल्या. त्या एका बिजागरीशी ओवल्या आणि वर छत्रीचंच काळं कापड शिवलं. वरची काडी उचलली, की कापड ताणलं जातं आणि बाकीच्या काड्या मागोमाग उघडतात.

आता उचलायचं कशानं? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. बसल्या जागी एक हात बाजूला सरळ धरून पाहा. हातात पाण्याची लहान बाटली घ्या. मिनिटभरात खांदा भरून येईल. वजन थोडंच असतं, पण ते खांद्यापासून लांब असतं. आमचा एक पंख तीनशे ग्रॅमचा होता आणि त्याचा भार बिजागरीपासून चाळीस सेंटिमीटरवर पडत होता. शून्य पूर्णांक तीन किलो गुणिले चाळीस, म्हणजे बारा किलो-सेंटिमीटर. दोन पंखांचे चोवीस. घर्षण आणि वारा धरून मी दुप्पट मोजले, म्हणजे जवळजवळ पन्नास. शाळेच्या रोबोट-प्रकल्पांत मुलं जी लहान सर्वो मोटर वापरतात, तिची ताकद साधारण दहा किलो-सेंटिमीटर असते. ती लावली असती, तर गरम होऊन बंद पडली असती.

उत्तर पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. मोटारगाडीच्या वायपरची मोटर. बारा व्होल्टची, भक्कम आणि स्वस्त. तिच्यात मळसूत्रासारखा एक दंड दातेरी चाकाला फिरवतो. त्यामुळे वेग कमी होतो आणि जोर वाढतो. तिच्या दांड्यावर आम्ही एक भुजा बसवली आणि भुजेपासून दोन्ही पंखांना एकेक जोडदांडी दिली. जुन्या आगगाडीच्या चाकांना जोडलेली दांडी आठवा, तीच रचना. भुजेच्या अर्ध्या फेऱ्यात पंख वर जातात आणि उरलेल्या अर्ध्यात खाली येतात. मोटर उलटी फिरवावी लागत नाही. वायपरचा नेहमीचा वेग पंखांना शोभत नव्हता, म्हणून पुण्याच्याच तपकीर गल्लीतून वेग कमी करणारं लहान सर्किट आणलं. मिनिटाला पंधरा फेरे, म्हणजे पंख उघडायला दोन सेकंद. पक्षी पंख पसरतो तसं दिसू लागलं.

मोटरीवरचा भार कमी करायला एक जुनी युक्ती कामी आली. कोकणात आगराच्या विहिरीवर पाणी काढायला लाट, म्हणजे एक लांब आडवा वासा, असे. तिच्या मागच्या टोकाला दगड बांधलेला असे, म्हणून भरलेला पोहरा सहज वर येई. दगड पाठीवर घेता येत नाही. आम्ही सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. पंख मिटताना त्या ताणल्या जातात आणि उचलताना मोटरीला मदत करतात.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती माझ्या हातून राहिली होती. वायपर बंद केला, तरी तो मध्येच थांबत नाही. काचेच्या तळाशी जाऊन मगच थांबतो. तशी सोय मोटरीच्या आतच केलेली असते. मला ती आवडली, कारण बटण बंद केलं, की पंख आपोआप मिटणार होते. पण पहिल्या चाचणीत भाचीची वेणी जोडदांडीत अडकली. तिनं बटण बंद केलं. मोटर थांबली नाही, पंख मिटायला निघाली. मी बॅटरीची तार उपटली, तोवर वेणी चांगलीच ओढली गेली होती. इजा झाली नाही, पण माझे हात थरथरत होते. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना यंत्राजवळ सैल कपडे नकोत, केस बांधा, हे मी हजार वेळा सांगितलं असेल.

त्या दिवशी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी केल्या. सगळ्या हलत्या सांध्यांवर पारदर्शक अॅक्रिलिकचं झाकण बसवलं, म्हणजे दांड्या दिसतात पण केस जात नाहीत. आणि छातीवरच्या पट्ट्यावर, तिच्या उजव्या हाताला सापडेल असा, मोठा लाल खटका बसवला. तो बॅटरीचा पुरवठाच तोडतो. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज दिला. लिथियमच्या सेलना संरक्षक सर्किट लावलं आणि ते कडक डबीत बंद केले. अंगावर घालायच्या यंत्रात थांबवण्याची सोय ही चालवण्याच्या सोयीआधी व्हायला हवी. हा क्रम मी चुकवला होता.

वजनाचं थोडक्यात सांगतो. सगळं मिळून पावणेचार किलो भरलं. जुन्या ट्रेकिंगच्या सॅकची चौकट आणि तिचा कमरपट्टा वापरला. मोटर आणि बॅटरी कमरेच्या वर, पाठीच्या कण्याला लागून ठेवली. भार खांद्यांवर न येता कमरेवर आला, की माणूस तासन्‌तास चालू शकतो.

पितळ मात्र आम्ही फारसं वापरलं नाही, कारण ते जड. चपलांच्या तळव्यांना जो हलका फोम असतो, त्याचं छातीचं कवच कापलं. रंगवण्याआधी मी तिला पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेलं. तिथे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्यावर जे खळगे उठतात, ते मठारकाम तिनं तासभर उभं राहून पाहिलं. घरी येऊन गरम केलेल्या फोमवर चमच्याच्या पाठीनं तसेच खळगे उठवले. मग देवघरातली समई समोर ठेवली. जिथे रोज हात लागतो, त्या कडा चकाकतात आणि खाचांत काळं साठतं. तिनं तसंच रंगवलं. खाचांत काळा आणि कडांवर कोरड्या ब्रशनं पितळी. खरं पितळ फक्त बिजागरीच्या बुशांना ठेवलं, कारण पोलादी दांडा पितळी बुशात न अडखळता फिरतो. तिथे ते शोभेचं नव्हतं, कामाचं होतं.

मेळाव्यात मी तिच्यामागे चालत होतो. लोक समोरून तिचे फोटो काढत आणि मग वळसा घालून पाठीकडे येत. एक लहान मुलगा झाकणाला नाक लावून उभा राहिला. पंख तीनदा उघडले, तीनदा मिटले. मग तो आपल्या बाबांना म्हणाला, "बाबा, तो दांडा ढकलतोय म्हणून उघडतात." कोणी न सांगता, नुसतं पाहून त्याला कळलं होतं.

आज आपल्या हातातल्या बहुतेक वस्तू बंद डब्या आहेत. त्या चालतात, पण कशा चालतात ते दिसत नाही, आणि बिघडल्या की आपण फेकून देतो. मुलांना यंत्राची भीती वाटते किंवा कंटाळा येतो, तो यामुळेच, असं मला वाटतं. ज्यात कारण आणि परिणाम डोळ्यांना दिसतात अशी एक तरी वस्तू प्रत्येक मुलानं स्वतः करावी. मग ते पोशाखाचे पंख असोत, गणपतीपुढचा हलता देखावा असो, नाहीतर आणखी काही.

तेव्हा श्रोतेहो, यंदा छत्री मोडली, तर ती कचऱ्यात टाकू नका. घरातल्या मुलाला शेजारी बसवा आणि ती दोघांनी मिळून खोला.