पाकिटावरची तारीख आणि आतला जीव



 अधिवेशनाच्या अध्यक्षाने सूक्ष्मजीवांद्वारे कीडनियंत्रण करणाऱ्या शास्त्राच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. १८३५ मध्ये आगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवले आणि १८७९ मध्ये मेचनिकॉफ यांनी गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध बुरशी वापरून पाहिली; तेव्हापासून किडींना मारणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोध अखंड चालू असून मेटारायझियम, बिव्हेरिया या बुरशींची नावे आज खेड्यातल्या कृषी सेवा केंद्रातही ठाऊक झाली आहेत. मात्र या वाटचालीत एक उणीव राहून गेली आहे आणि ती स्पष्टपणे मांडल्याखेरीज पुढचा आढावा घेणे व्यर्थ ठरेल. या शाखेने जीव शोधले, पण शोधलेला जीव शेतापर्यंत जिवंत कसा पोहोचेल, या प्रश्नाला तिने कायम दुय्यम मानले.

या प्रश्नाचे एक उत्तर आहे कवचीकरण. कवचीकरण म्हणजे सूक्ष्मजीवाभोवती असे आवरण चढवणे, की जे त्याला ऊन, उष्णता आणि कोरडेपणा यांपासून राखील व योग्य जागी मोकळे करील. याचा उत्तम नमुना निसर्गातच आहे. हरभऱ्यावरील घाटेअळीला मारणारा एचएनपीव्ही हा विषाणू प्रथिनांच्या स्फटिकात बंद असतो आणि अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसातच तो स्फटिक विरघळतो. एवढे कवच असूनही पानावर पडलेला विषाणू सूर्याच्या अतिनील किरणांनी निकामी होतो. म्हणूनच त्याची फवारणी सायंकाळी करायची आणि द्रावणात नीळ मिसळायची, ही पद्धत शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. उघड्या बुरशीच्या बीजाणूंना तर एवढाही आधार नसतो. त्यांना शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळून विकण्याची रूढ रीत सोपी व स्वस्त आहे, परंतु ती पूड जीवाला वाहून नेते, राखत नाही.

याउलट समुद्रातील तपकिरी शैवालापासून मिळणारे अल्जिनेट पाण्यात विरघळवून त्यात बीजाणू मिसळले आणि ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडले, तर साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. जर्मनीत बटाट्याच्या शेतातील वायरवर्म या अळीसाठी अशा मण्यांत मेटारायझियमसोबत यीस्टही कोंडले गेले. यीस्टमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड, मुळांच्या श्वासासारखाच असल्याने, अळीला मण्याकडे ओढून आणतो आणि तेथे बुरशी तिला गाठते. उसाच्या मुळांवर जगणाऱ्या हुमणीसाठी हा मार्ग येथे का तपासला जाऊ नये?

चर्चासत्रांत बुरशीचा वाण श्रेष्ठ की आवरण, हा वाद दरवर्षी रंगतो आणि बहुतेक सहकारी वाणाचा पक्ष घेतात. प्रस्तुत वक्त्यापुरता तो वाद एका उन्हाळ्यात कायमचा मिटला. मेटारायझियमच्या एकाच लॉटची दोन पाकिटे तपासणीसाठी आली होती. त्यांपैकी एक पत्र्याच्या छपराखालील दुकानात एप्रिल-मे काढून आले होते आणि दुसरे एका ऊस उत्पादकाने विकत घेऊन घरातल्या पाण्याच्या रांजणाशेजारी, सावलीत, सीलबंद ठेवले होते. पेट्रीडिशमध्ये दुसऱ्या पाकिटातून हिरव्या वसाहतींचा दाट थर वाढला, पहिल्यातून काहीच उगवले नाही. वाण तोच, कारखाना तोच, वापराची मुदतही तीच. तरीही दुकानात राहिलेले पाकीट विकत घेणाऱ्याने वर्षभर गावात सांगितले असते, की जैविक औषध चालत नाही.

आवरणाचा खर्च परवडणार नाही, हा आक्षेप वारंवार येतो. ज्या फवारणीचा उपयोग होत नाही तिचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, आणि मग तोच शेतकरी अधिक तीव्र रासायनिक औषधाकडे वळतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, त्या आठवणीने तरी जैविक औषध चालत नाही ही तक्रार गांभीर्याने घेतली जावी. अर्थात कवच कितीही मजबूत करून चालणार नाही, कारण बुरशीला किडीच्या त्वचेवर ओलाव्यात रुजावे लागते आणि जे कवच दवाने वा पावसाने सैलावत नाही ते बीजाणूचे थडगे ठरते.

पाकिटातील जीव किती टिकतो हे कळावे यासाठी हे अधिवेशन भरवणाऱ्या परिषदेने एक अभ्यासगट नेमावा, उन्हाळ्याच्या अखेरीस दुकानांतून पाकिटे विकत घेऊन त्यांतील जिवंत बीजाणू मोजावेत आणि निष्कर्ष उघडपणे मांडावेत. कामाची रूपरेषा परिषदेच्या कार्यकारिणीने ठरवावी. नवीन वाणांवरील शोधनिबंध पुढेही येत राहतील, त्यांचे स्वागतच आहे. परंतु प्रत्येक निबंधात तो वाण दुकानात किती दिवस जिवंत राहिला याचा आकडा असलाच पाहिजे. शेतकरी पैसे मोजतो ते जिवंत बुरशीसाठी. ती मेली, तर त्याच्या हाती उरते केवळ शंखजिऱ्याची पूड.