घास नेमका अडकतो कुठे?

आज गिळण्याबद्दल बोलू.

'डॉक्टर, घास उतरत नाही' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठे अडकतो ते बोट ठेवून दाखवा. घशातच अडतो, ठसका लागतो, पाणी नाकातून परत येतं? की घास उतरतो आणि छातीच्या मध्यावर येऊन बसतो? निम्मं निदान इथेच होतं. अन्ननलिकेचा वरचा भाग हातापायांसारख्या स्नायूंचा असतो; मायोसायटिस तो आणि घसा पकडतो. खालच्या भागातले स्नायू आपोआप चालणारे, तिथे स्क्लेरोडर्मा बसतो.

माझ्याकडे चाळिशीतल्या एक बाई आल्या होत्या. दोन एंडोस्कोप्या नॉर्मल, म्हणून 'टेन्शन घेऊ नका' असं सांगून घरी पाठवलेल्या. भाकरी सुटलेली, पेजेवर दिवस काढत होत्या. मी म्हटलं, ताई, हात दाखवा. बोटांची कातडी ताणलेली, चिमटीत येईना. गार पाण्यात भांडी घासताना बोटं पांढरी, मग निळी पडतात, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. गिळण्याशी त्याचा काय संबंध, असंच कुणालाही वाटेल ना!

आता बघा, एंडोस्कोपी आतलं अस्तर दाखवते. ती करायलाच हवी, कॅन्सर नाही ना, जखम नाही ना, हे कळतं. पण स्नायू किती जोर लावतात ते मॅनोमेट्रीत कळतं. नाकातून बारीक नळी घालतात, पाण्याचे छोटे छोटे घोट देतात, प्रत्येक घोटाला दाब मोजतात. थोडं त्रासदायक आहे, खोटं कशाला सांगू. या बाईंच्या तपासणीत लाट जवळजवळ नव्हतीच, आणि खालची झडप ढिली. अकॅलेशियातही लाट नसते, पण तिथे झडप उघडत नाही. हा फरक चुकला तर उपचारच उलटे होतात. रक्तात अँटी-सेंट्रोमिअर सापडलं. नुसत्या एएनए पॉझिटिव्हवर मात्र घाबरू नका, तो निरोगी माणसांतही सापडतो.

त्यांना जळजळीसाठी झडप घट्ट करायचं ऑपरेशन सुचवलेलं होतं. जिथे ढकलणारी लाटच नाही तिथे दार आवळलं, तर घास जाणार कुठून? ते थांबवलं. अॅसिड कमी करणारी गोळी, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. आणि छातीचा सीटी स्कॅन, कारण हा आजार फुप्फुसातही शिरतो.

पुढच्या भागात कोरड्या तोंडाबद्दल, म्हणजे शोग्रेनबद्दल. प्रश्न पाठवत राहा.