ऊन, पाऊस आणि साथीचा ताप

श्रोतेहो, लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात चैत्र-वैशाखाचं ऊन तापू लागलं, म्हणजे माणसं म्हणतात, "आता रोगराई जळून जाईल." २०२० साली करोना आला, तेव्हाही पुष्कळांनी हेच म्हटलं. परंतु पुढच्या वर्षी काय झालं? फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याकडे रुग्ण वाढू लागले आणि एप्रिलात, ऐन उन्हाळ्यात, महाराष्ट्रात एकेका दिवशी ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडले.

मग हवेचा आणि रोगाचा संबंधच नाही की काय? आहे तर! माणूस खोकला, की विषाणू असलेले बारीक तुषार हवेत उडतात. हवा कोरडी असली म्हणजे तुषारांतलं पाणी चटकन उडून जातं. ते हलके होतात आणि पुष्कळ वेळ तरंगत राहतात. आपल्या नाकातला ओलावाही सुकतो. थंडीत विषाणू टिकतोही अधिक. २००७ साली न्यूयॉर्कमधल्या शास्त्रज्ञांनी गिनीपिगांवर प्रयोग केला. ५ अंश उष्णतामानात फ्लू एका पिंजऱ्यातून शेजारच्या पिंजऱ्यात सहज गेला. ३० अंशांना हवेतून गेलाच नाही.

तुम्ही विचाराल, मग आपल्याकडे फ्लू भर पावसाळ्यात का वाढतो? आणि करोना उन्हाळ्यात कसा वाढला? याचं एक मोठं कारण आपल्या घरातच आहे. पावसाची झड लागली, की आपण दारं-खिडक्या लावून दाटीवाटीनं बसतो. उन्हाळ्यात झळा लागू नयेत म्हणून तेच करतो. ऊन अंगणातल्या विषाणूला मारतं. परंतु बंद खोलीत तो एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातो. तिथं ऊन पोचणार कसं?

म्हणून शिक्षक बंधु-भगिनींनो, वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. पाऊस एका बाजूनं येत असेल, तर दुसऱ्या बाजूची खिडकी तरी उघडी असू द्या. सकाळचा एखादा तास कडुलिंबाखाली घ्या. ताप-खोकला असलेल्या मुलाची हजेरी बुडाली तरी चालेल, त्याला घरी विश्रांती घेऊ द्या. आणि घरी कुणी आजारी असलं, तर म्हाताऱ्या माणसांचं अंथरूण निराळ्या, वाऱ्याच्या जागी घाला.

ऊन-पाऊस आपल्या हाती नाही. खिडकीची कडी मात्र आहे.