खोकल्याच्या बाटलीतील विष

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



नशा हराम आहे, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. दारूची बाटली दिसली की आपण दचकतो. परंतु खोकल्याच्या औषधाची बाटली पाहून कोणालाच शंका येत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची आई रडत मला म्हणाली, “सर, पोराचा खोकला जात नाही म्हणून औषधाला पैसे मीच देत होते.”

या फसवणुकीचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्याच शतकात अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्यात आले. वेदना शमल्या, पण सवय जडली. पुढे १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉईन विक्रीस आणले, तेही खोकल्याचे औषध म्हणून! १९१३ साली तिने ते बनविणे थांबविले. परंतु १९८० नंतर तेच हेरॉईन अशुद्ध रूपात, ‘गर्द’ या नावाने, मुंबईच्या गल्ल्यांत शिरले.

आजच्या काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असते. तेही अफूच्याच कुळातले. शरीरात त्याच्या काही भागाचे मॉर्फिन बनते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ते औषध आहे; बाटल्याच रिचवल्या तर श्वास मंदावून थांबूही शकतो. अशा बाटल्यांचे साठे भिवंडी परिसरात पोलिसांनी वेळोवेळी पकडले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, पहिली बाटली शत्रू देत नाही. ती मित्रच देतो. “एकदाच घेऊन बघ,” असे म्हणणाऱ्याला तेथेच नकार द्या.

पालकांनो, मुलगा व्यसनात सापडला तर त्याला मारू नका, कोंडू नका आणि “लोक काय म्हणतील” म्हणून लपवूही नका. नशा तुटली की अंग ठणकते, जुलाब होतात, झोप उडते. ते ढोंग नव्हे. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने हे दाखवून दिले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठरावीक अटींवर खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक घरात लिहून ठेवा.

तो माझा विद्यार्थी उपचार घेऊन परतला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा सावरला. आज तो कशेळीतल्या एका गोदामात हिशेब लिहितो. त्याच्या आईने लाज बाजूला ठेवून वेळीच तोंड उघडले, म्हणून तो वाचला. आपणही गप्प राहू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.