डबिंग, मेण आणि वार्निशचा एक थेंब

गेल्या भागात गळ, दोरा आणि व्हाइस यांच्याबद्दल बोललो, आणि त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय: "दादा, डबिंग कुठलं घेऊ?" सोबत कार्टचे स्क्रीनशॉट. बारा रंगांचा डबा, चोवीस रंगांचा डबा, दोन प्रकारचं मेण, हेड सिमेंटच्या तीन बाटल्या. खालची बेरीज बघून मलाच घाम फुटला. तर पैसे भरायच्या आधी हा भाग ऐका.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. डबिंग म्हणजे साऊथचा सिनेमा हिंदीत करतात ते नव्हे. फ्लाय म्हणजे माशाला फसवणारी नकली माशी, आणि तिचं केसाळ पोट ज्या लवेतून बनतं ती लव म्हणजे डबिंग. लव दोऱ्याला धरून राहावी म्हणून मेण. शेवटची गाठ सुटू नये म्हणून डोक्यावर जो चिकट थेंब लावतात, तो हेड सिमेंट. झालं.

आता यात एवढं काय आहे, तर ऐका. तुम्ही रजा जमवली, पुण्याहून दिल्ली, तिथून रात्रभर बस, पुढे जीप, असं करत हिमाचलात तीर्थनच्या काठावर पोचलात. मत्स्य विभागाचा परवाना काढलात. पहिला ट्राउट लागला, सोडलात. दुसरा लागला आणि फ्लाय उलगडली, दोरा लोंबायला लागला. डबीत त्याच हाताने बांधलेल्या आणखी अकरा आहेत, आणि त्या अकराही तशाच. हे टाळायचं असेल तर महाग सामानापेक्षा प्रमाण कळायला हवं.

डबिंगपासून सुरू करतो. रंग नंतर. आधी स्वतःला विचारा, ही फ्लाय पाण्यावर तरंगायची आहे की बुडायची? तरंगणारी असेल तर बारीक, मऊ, दाट लव हवी. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांची आतली लव यासाठी नावाजलेली, कारण ती हवा धरून ठेवते. 1922 मध्ये अमेरिकेत मिशिगनला लेनर्ड हॅलडे यांनी 'अ‍ॅडम्स' नावाची फ्लाय बांधली, ती आजही जगभर वापरतात. तिचं करडं पोट मस्करॅटच्या लवेचं. मस्करॅट म्हणजे पाणथळीत राहणारा, उंदराच्या कुळातला प्राणी. तो नको असेल तर पॉलीप्रॉपिलीनचं डबिंग घ्या. तो धागा मुळातच पाण्यापेक्षा हलका असतो.

बुडणारी असेल तर उलट. तिथे खरखरीत, काटेरी, पाणी पिणारं काहीतरी हवं. युरोपातल्या सशाच्या तोंडावरची आणि कानावरची लव यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. त्यात मऊ लव आणि राठ केस दोन्ही असतात, ते राठ केस बाहेर डोकावतात आणि पाण्यात किड्याच्या पायांसारखे दिसतात. म्हणून बांधून झाल्यावर सुईने पोट थोडं उसकटायचं. फार नीटनेटकं पोट मला तरी मेलेलं वाटतं.

रंगाबद्दल एकच सांगतो: ओला करून बघा. पाकिटातला सुंदर तपकिरी पाण्यात गेल्यावर काळपट होतो. खालच्या दोऱ्याचा रंगही आतून दिसायला लागतो. चिमूटभर लव दोऱ्यावर वळा, ग्लासभर पाण्यात बुडवा, मग ठरवा.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदीरक्षक होते. त्यांची 'किलर बग' नावाची फ्लाय साध्या रफू करायच्या लोकरीची. चॅडविक्स कंपनीची, 477 नंबरची. सुकी असताना करडी-बदामी, भिजली की गुलाबीसर. पुढे ती लोकर बनायची बंद झाली आणि जुन्या कार्डांसाठी लोक भरमसाट पैसे मोजायला लागले. मोजे रफू करायची लोकर हो! मासा कार्डावरचा नंबर वाचत नाही. शेड जवळपास जमली की काम होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. संग्रहच करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा किस्सा जरा चावट आहे, पण खरा. इंग्लंडमध्येच डेव्हन परगण्यात टिव्हर्टन गावी आर. एस. ऑस्टिन म्हणून तंबाखूचे दुकानदार होते. त्यांच्या 'टप्स इनडिस्पेन्सेबल' या फ्लायची कृती अनेक वर्षं गुपित होती. टप म्हणजे मेंढा. आणि गुपित काय, तर डबिंगमध्ये मेंढ्याच्या अंडकोशावरची लोकर. तिथल्या लोकरीत नैसर्गिक तेल असतं, भिजायला वेळ लागतो. पुढे काय बोलायचं ते तुम्ही आपापसांत बोला.

आता जरा गंभीर. "गावाकडे ससा मिळतो, कातडी ठेवू का?" असाही एक मेसेज आहे. नाही. आपल्या रानातल्या सशाची शिकार हा गुन्हा आहे. मुंगसाच्या केसांचा व्यापारही गुन्हा, मग ते रंगाच्या ब्रशात असोत नाहीतर फ्लायमध्ये. आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. गंमत म्हणजे अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदाही 1972 चाच, आणि त्याने तिथे सीलची लव आयात करणं बंद पाडलं. सील म्हणजे त्या काळचं चमकदार डबिंगचं सोनं. मग लोक अंगोरा बकरीच्या केसांकडे आणि कृत्रिम धाग्यांकडे वळले, आणि फ्लाय बांधणं काही थांबलं नाही.

फुकटचं आणि कायदेशीर डबिंग तुमच्या घरातच असेल. लॅब्रेडोरला ब्रश केल्यावर निघते ती आतली लव. पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्याची जात आहे ती, लव दाट असते. पर्शियन मांजराचीही चालते. शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा. दोन रंग मिसळायचे तर बरणीत कोमट पाणी आणि शाम्पूचे दोन थेंब टाकून लव घाला, झाकण लावून हलवा, गाळा, वाळवा. मिक्सरच्या भांड्यात प्रयोग करायचा असेल तर ते भांडं चटणीचं नसावं, एवढंच.

आणि प्रमाण. देवासाठी वात वळताना बघितलंय ना? कापूस थोडा घेतात, विरळ करतात आणि एकाच दिशेने वळतात. हेही तसंच. अंगठा आणि तर्जनीत लव धरून दोऱ्यावर एकाच दिशेने वळायची. पुढे-मागे केलं की जेवढं वळलं तेवढं सुटतं. 14 नंबरच्या गळाला लव इतकी कमी लागते की बोटांत धरल्यावर "एवढ्याने काय होणार?" असं वाटावं. तसं वाटलं की त्यातली निम्मी परत पाकिटात टाका. दोऱ्यावर लवेची नुसती धूसर छाया दिसली पाहिजे. जाड वळलेली लव दोऱ्याला धरत नाही, ती दोऱ्याभोवती गोल फिरते, आणि माशाच्या दातांना तेवढंच पुरतं.

मेणाकडे येतो. पूर्वी फ्लाय रेशमाच्या धाग्याने बांधायचे आणि रेशीम पाण्यात कुजतं, म्हणून धाग्याला मेण चोळणं भागच होतं. ते मेण म्हणजे चांभार शिवणीच्या दोऱ्याला लावतात त्याच जातीचं. मधमाशीचं मेण घट्टपणासाठी, राळ चिकटपणासाठी, आणि नरम करायला थोडं तेल. आज नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा बऱ्याचदा मेण लावूनच येतो. त्यामुळे मऊ लव असेल तर वेगळं मेण लागतच नाही, बोटं किंचित ओली केली तरी भागतं. राठ लव असेल तर लागतं.

कुठलं घ्यायचं हे हवामानावर आहे, आणि हे परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे एप्रिलमधलं नागपूर नसतं. नरम, चिकट मेण आपल्या उन्हाळ्यात पातळ होतं, बोटांना लागतं, मग लव दोऱ्याऐवजी बोटांनाच चिकटते. तेव्हा घट्ट मेण बरं. तेच घट्ट मेण मार्चमधल्या थंड सकाळी कुलूकडे काढलंत तर दगड, तिथे नरम मेण हवं. लावायचं दोऱ्याला, लवेला नाही, आणि फक्त बोटभर लांबीला, एकदाच ओढून. जादा मेणाने तरंगणाऱ्या फ्लायची लव चिकट होऊन बसते, मग ती हवा कसली धरणार?

राहिलं हेड सिमेंट. आधी एक गोष्ट मान्य करू: चार-पाच वेढ्यांची व्हिप फिनिशची गाठ घट्ट ओढली असेल तर सिमेंटशिवायही फ्लाय टिकते. सिमेंट हा विमा आहे, गाठीला पर्याय नाही. फ्लाय उलगडते ती बहुधा खालून, कारण गुळगुळीत गळावर दोऱ्याचा पहिला थरच सैल असतो. म्हणून दोन थेंब लावायचे असतील तर पहिला त्या दोऱ्याच्या थरावर, डबिंग वळायच्या आधी. दुसरा डोक्यावर.

घ्यायचं काय? पारदर्शक नेलपॉलिश. कटलरीच्या दुकानात 100 रुपयांच्या आत मिळतं. अमेरिकेतले कितीतरी जण सॅली हॅन्सनचं 'हार्ड अ‍ॅज नेल्स' वर्षानुवर्षं याच कामाला वापरतात, तेव्हा लाजायचं कारण नाही. फक्त ते जाड असतं, आत मुरत नाही, वर चमकत बसतं. पहिला थेंब मुरायला हवा, म्हणून थोडं नेलपॉलिश वेगळ्या बाटलीत काढून थिनरने पातळ करा. थिनर म्हणतोय, रिमूव्हर नाही. रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा तेल आणि सुगंध असतो. ब्रशने लावू नका, सुईच्या टोकावर थेंब घ्या. गळाच्या नेढ्यात सिमेंट गेलं तर लगेच एक पीस आरपार ओढून घ्या. वाळल्यावर काठावर उभं राहून ते नेढं मोकळं करणं हा वैताग असतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हेच वार्निश वाळताना दुधाळ होऊ शकतं. हवेतला ओलावा त्यात अडकतो. फॅनखाली घाईने वाळवू नका. फेव्हिक्विकसारखे गोंद ओलाव्यानेच घट्ट होतात, त्यामुळे दमट हवेत ते झटकन बसतात आणि आजूबाजूला पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. ताकद भरपूर, पण ठिसूळ. मी ते फक्त खालच्या थराला वापरतो.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, हे नीट ऐका. खिडकी बंद, एसी चालू, चार जण झोपलेत आणि एक जण रात्री दोनला वीस फ्लायना वार्निश लावतोय, असं करू नका. डोकं दुखायला लागणं ही पहिली खूण. वाफ पेट घेते, म्हणून जवळ अगरबत्ती, सिगारेट, मच्छरची कॉइल काही नको. खिडकीच नसेल तर पाण्यावर आधारित हेड सिमेंट घ्या. वाळायला वेळ घेतं, पण वास जवळजवळ नाही.

तर त्या स्क्रीनशॉटवाल्या मित्रासाठी: सशाच्या लवेचं एक नैसर्गिक रंगाचं पाकीट, तरंगणाऱ्या फ्लायसाठी एक करडं बारीक डबिंग, घट्ट मेणाची एक कांडी, नेलपॉलिश आणि थिनर. चोवीस रंगांचा डबा कार्टमधून काढ. उरलेल्या पैशांत चांगले गळ घे, 14 आणि 16 नंबरचे. पुढच्या भागात व्हिप फिनिश हाताने कशी घालायची ते सांगतो. तेव्हा समोर एक जाड दोरी आणि मोठा खिळा घेऊन बसा.