पाळी पुढं गेली तर

चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट बदलली की झोपेचं खोबरं होतं. त्यात पाळी पुढं गेली, तर ‘दगदगीनं असेल’ म्हणून विषय संपतो. कधी ते खरंही असतं. पण दोन पाळ्यांतलं अंतर वारंवार ३५ दिवसांपलीकडं जात असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (बीजाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. सततचा थकवा, वाढतं वजन असेल, तर थायरॉईडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवता येईल. थायरॉईडची गोळी सुरू झाली, तर ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासानं, कंपनीची बस दारात उभी असली तरी! पीसीओएसमध्ये जादा वजन पाच-दहा टक्के उतरलं, तरी पाळी पुष्कळदा मार्गी लागते. त्यासाठी ज्वारीची भाकरी सोडू नका, गोड चहाचे कप कमी करा. आणि मेडिकलमधून परस्पर पाळी येण्याच्या गोळ्या आणण्याआधी गरोदरपणाची चाचणी करा.